अर्धा डमरू

दाराला कुलूप होतं. रूपचंद पायरीवर एक पाय ठेवून तसाच थांबला आणि त्या कुलपाकडे बघत राहिला. या घरात राहायला आल्यापासून दुपारी जेवायला घरी यावं आणि दार बंद असावं, असं कधी झालं नव्हतं. खरं तर कुलूप त्याच्या ओळखीचंच. मुंबईहून येताना त्यानेच आणलेलं, पितळी, भरीव. ते लागलेलं मात्र त्याने फक्त सणावाराला प्रकाशाला जाताना पाहिलं होतं, आणि तेही स्वतःच्या हातानं लावलेलं. त्याने खिसा चाचपला. दुकानाच्या किल्ल्या होत्या, घराची नव्हती. घराची जास्तीची किल्ली घरातच होती, देवळीशेजारच्या खिळ्याला टांगलेली, आतल्या बाजूला. नंदुरबारच्या बाजारात ज्याच्या दुकानी अख्ख्या तालुक्याच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग मिळतात, त्या गृहस्थानं घराची सुटी किल्ली घरात कोंडून ठेवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर रूपचंद पोट धरून हसला असता. आता त्याच्या पोटात फक्त भूक होती, आणि भुकेच्या खाली आणखी काहीतरी, ज्याला तो सकाळपासून हात लावत नव्हता.

तो ओट्यावर बसला. उन्हाळा अजून पुरता आला नव्हता, पण ओट्याची फरशी तापू लागली होती. तो एक शब्द घेऊन घरी आला होता. दुकानातून निघताना, गिरणीच्या भोंग्यापाशी वळताना, वाणगल्लीत शिरताना तो शब्द त्याने जिभेवर घोळवला होता. शब्द साधा होता: नको. आठवडाभर त्याने बायकोला, मंगलाला, ‘दखू’, म्हणजे बघू, म्हणून टांगून ठेवलं होतं. ती म्हणायची, चिंचपाड्याच्या बाई विचारत होत्या. तो म्हणायचा, दखू. ती म्हणायची, शुक्रवारच्या दुपारच्या गाडीनं गेलं पाहिजे, शनिवारपासून नव्या बायांचं शिकणं सुरू होतंय. तो म्हणायचा, दखू ना. ‘दखू’ हा फार सोयीचा शब्द. त्यात माणसाला नाही म्हटल्याचं पाप लागत नाही आणि हो म्हटल्याचं ओझं उचलावं लागत नाही. आज शुक्रवार होता. दुपारची गाडी यायला अजून अवकाश होता, पण फार नव्हता.

चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात सुईणपणाचं आणि शुश्रूषेचं शिक्षण द्यायचे. दीड वर्ष तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, महिन्या दोन महिन्यांनी घरी. तिथल्या मोठ्या नर्सबाई एकदा नंदुरबारला कुणाच्या बाळंतपणाला आल्या असताना त्यांनी मंगलाचे हात पाहिले होते. त्यांनी एकच अट घातली होती, की नवऱ्यानं स्वतः आणून सोडावं आणि माझ्यासमोर सांगावं, म्हणजे मागून कटकट नको. म्हणजे सगळं रूपचंदच्या तोंडावर येऊन थांबलं होतं. प्रकाशाला आईच्या, तापीबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली होती, “बाई भाईर गयी का घर बठी जास.” रूपचंद आईवर रागावला होता. आणि रात्री तेच वाक्य त्याच्या स्वतःच्या मनात आईच्या आवाजावाचून हजर झालं, तेव्हा रागवायला कुणी उरलं नाही.

गावात त्याला बोटवाला रूपचंद म्हणत. मुंबईच्या गोदीत, आरमाराच्या सुट्या भागांच्या कोठारात त्याने उमेदीची वर्षं काढली होती, आणि वडील गेल्यावर बासष्ट साली परत येऊन हे दुकान टाकलं होतं. पाटीवर त्याने रंगाऱ्याला विमानं उतरतात ती बोट काढायला सांगितली होती. रंगाऱ्याने आयुष्यात फक्त तापीतली नाव पाहिलेली. त्याने नाव काढली, तिच्यावर एक सपाट पाट टाकला, आणि पाटावर जे विमान बसवलं ते सगळ्यांना कावळा वाटे. गिऱ्हाईक विचारी, “हाऊ कावया कसाले बठाडा?” आणि रूपचंदला तेवढंच निमित्त पुरे होई. पिस्टनरिंग मागायला आलेला माणूस अमेरिकेच्या बोटीची हकिकत ऐकूनच सुटे. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, बरं, रिंग शे का?

पण त्या बोटीचं खरं सांगायचं ते त्याला गिऱ्हाइकाला सांगता येत नसे. साठ-एकसष्टचा सुमार. ती बंदरात मावतच नव्हती म्हणून बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी होती. आपली स्वतःची विमानवाहू बोट लवकरच यायची होती, तिच्या भागांची खोकी कोठारात येऊ लागली होती, म्हणून कोठारातल्या चौघा-पाचांना लाँचमधून तिकडे नेलं. जवळ गेल्यावर ती बोट वाटेना. सातपुड्याची एक रांग कुणी करवतीनं वरून सपाट कापून समुद्रात ठेवली असावी, तसं वाटलं. एक अधिकारी समजावून सांगत होता, आणि आपल्या साहेबानं त्याचं हिंदी करून सांगितलं. तिकडच्या आधीच्या बोटींवर वरचा डेक म्हणजे घरावरचं छप्पर, बोट वेगळी आणि छप्पर वेगळं. बोट मोठी होत गेली तशी छपराची सोय पुरेना. मग यांनी डेकच बोटीच्या हाडात धरला. समुद्राच्या लाटेनं बोट पिळली की सगळा ताण वरच्या डेकनं सोसायचा. आणि मग असल्या डेकला मधोमध भोक पाडून चालत नाही. म्हणून विमानं खालून वर आणणारे पाळणे त्यांनी मधून काढून कडेला नेले. रूपचंदला तेव्हा का कोण जाणे, एकदम मंगलाची आठवण झाली होती. ती तेव्हा प्रकाशाला होती. तो मुंबईत खोलीवर चौघांत राहायचा आणि त्याला वाटायचं, घर मी चालवतो. त्या डेकवर, वारा कानात भणभणत असताना, त्याला कळलं की आपण छप्पर आहोत, आणि डेक ती आहे.

आणि तोच विचार आता ओट्यावर त्याच्या ‘नको’च्या मदतीला धावून आला. डेकला मधोमध भोक पाडून चालत नाही. अमेरिकेचे इंजिनेर जे करत नाहीत ते आपण का करावं? वकील चांगला मिळाला म्हणून तो क्षणभर खूश झाला. पण त्याला लगेच कुलूप दिसलं आणि वकील गप्प झाला.

शेजारच्या भिकुबाई पापड वाळत घालायला बाहेर आल्या आणि त्याला बघून थबकल्या. “भाऊ, मंगला नही शे. उखानी सूनले कळा लागन्यात. सकायमाच बलाई लयी गयात तिले, रेल्वेना पल्याड.”

“बरं,” रूपचंद म्हणाला.

“भाकर दिऊ का?”

“ऱ्हाऊ दे, बठस मी.”

भिकुबाई त्याच्याकडे जरा बघत राहिल्या. साऱ्या आळीला शुक्रवार ठाऊक होता. मग त्या पापडांकडे वळल्या.

जाण्याच्या दिवशीच ही बया दुसऱ्याच्या बाळंतपणाला गेली. रूपचंदला राग येऊ घातला, पण तो आला नाही. सकाळी दुकानात जाताना त्याने चुलीजवळ पाहिलं होतं, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर आज एक साधा दगड होता. तिथे नेहमी त्याचा लोखंडी डमरू असायचा. अर्धा डमरू. मांजर झाकण पाडतं म्हणून मंगलानं त्याला ती नोकरी दिली होती. दुकानात मानानं ठेवलेली वस्तू तिने एके दिवशी उचलून आणली आणि म्हणाली होती, “तठे नुस्ता पडेल शे, आठे दोन पैसाना कामले तरी ई.” आज तो तिथे नव्हता, आणि त्याने विचारलं नाही. घासायला टाकला असेल.

हा डमरू त्याला त्या बोटीवर मिळाला. तिथल्या कोठारात पिकल्या केसांचा एक खलाशी होता, सुट्या भागांचा राखणदार. रूपचंदचं इंग्रजी मोडकं, त्याचं कळायला अवघड. पण कोठारवाला कोठारवाल्याला ओळखतो. खण कसे लावलेत, कुठल्या खणावर धूळ आहे, एवढ्यावरून दोघांची मैत्री झाली. त्याने एक खण ओढला. आत एकसारखे लोखंडी तुकडे, दोन्ही टोकं जाड, मध्ये कंबर बारीक, अगदी शंकराचा डमरू. खलाशानं हातवाऱ्यांनी सांगितलं. विमान डेकवर उभं करतात. पुढून वाफेचा दट्ट्या त्याला ओढायला टपलेला असतो. मागून हा तुकडा त्याला डेकला धरून ठेवतो. वैमानिक यंत्र पुऱ्या जोरात सोडतो, विमान थरथरतं, तरी तुकडा सोडत नाही. मग वाफ सुटते, यंत्राचा आणि वाफेचा जोर एक होतो आणि तुकडा कंबरेत तुटतो. विमान गेलं. तुकडा आधीच, कमी जोरात तुटला तर विमान फरफटत जाऊन समुद्रात पडणार. तुटलाच नाही तर विमानाचंच हाड मोडणार. एका उड्डाणाला एक तुकडा, पुन्हा वापर नाही. आणि खलाशानं डब्यातला एक तुटका अर्धा त्याच्या हातात ठेवला, त्याची मूठ मिटली, वर थोपटलं. रूपचंद हबकून गेला होता. सुटा भाग म्हणजे मोडलेल्याच्या जागी बसवायचा आणि तो टिकावा म्हणून देवाची प्रार्थना करायची, एवढंच त्याला ठाऊक. इथे तुटणं हेच ज्याचं काम असा भाग घडवला होता, मापात, प्रेमानं, तेल लावून खणात ठेवला होता.

इतकं समजून आलेला माणूस गावी येऊन काय करतो? पाभरीला पोलादी तार बांधतो. जू आणि पाभरीची दांडी बांधणारी अंबाडीची दोरी पेरणीत हमखास तुटायची, आणि पाऊस डोक्यावर असताना दोरी वळत बसावं लागायचं. धाकटा भाऊ लोटन वैतागून म्हणायचा, “दादा, हाई दोरी दरसाल दगा देस.” रूपचंदनं गोदीतून आणलेली तार काढली, स्वतः पीळ देऊन बांधली. लोटन खूश, गडी खूश, रूपचंद तर बांधावर उभा राहून मिशीत हसत होता. दुसऱ्या दिवशी पाभर जमिनीतल्या बाभळीच्या जुन्या खोडाला अडकली. बैल जोरात होते, तार तुटली नाही. जू मोडलं आणि डाव्या बैलाचा खांदा उतरला. त्या वावरात गुडघे टेकून बसताना रूपचंदला खण आठवला, खलाशी आठवला, सगळं आठवलं. दोरी दगा देत नव्हती, ती तिचं काम करत होती. हे भावालाही माहीत नव्हतं, आईलाही नाही, कुणी कधी म्हटलंही नव्हतं. वाडवडील नुसते अंबाडी वळत आले होते.

बैल वाचवला तो मंगलानं. चार माणसं दोर लावून ओढत होती, तिने सगळ्यांना बाजूला केलं. बैलाशी काहीतरी पुटपुटत तिने खांद्यावर हात फिरवला, एकदा, दोनदा, जागा शोधत, आणि लोटनला सांगितलं, आता ओढ, हळू. खट् झालं. मग तूप-हळद लावून ती गोठ्यातच बसून राहिली, बैल चारा खाईपर्यंत. तेव्हा रूपचंदने बायकोचे हात पहिल्यांदा पाहिले. लग्नाला आठ वर्षं झाली होती तेव्हा. त्याआधी त्या हातांनी त्याला वाढलं होतं, त्याचे पाय चेपले होते, आणि एकदा, मुंबईहून तो उशिरा पोचला त्या वेळी, त्या हातांत कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, जे रडलं नव्हतं. मुलगी होती. पायाळू. सुईण म्हातारी होती, तिला उमगलं नाही. त्याविषयी ते दोघे कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर आळीत कुठे कळा सुरू झाल्या की मंगला न बोलावता जाऊन दाराशी उभी राहायची. मग हळूहळू बोलावणी येऊ लागली.

ऊन ओट्याच्या कडेवरून त्याच्या गुडघ्यावर आलं. नको म्हणायला काय लागतं? ती भांडणार नाही. ती भाकरी थापेल, आणि थापता थापता काहीतरी चिडवेल, आणि संध्याकाळी तो आला की दार उघडं असेल. त्याला हेच हवं होतं, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. त्याला तिची सोबत हवी होती. दीड वर्ष रात्री दिवा मालवताना ‘ओ, झोपनात का?’ असं विचारणारं कुणी नसेल, ह्या विचारानं त्याचं काळीज लहान झालं. आईचं बोलणं, घर, डेक, भोक, हे सगळे मागून आलेले वऱ्हाडी. नवरदेव हा एवढाच होता.

मंगला गल्लीच्या तोंडाशी दिसली. झपझप येत होती. केस विस्कटलेले, पदर एका बाजूनं फाटलेला, अंगाला शेपा-ओव्याचा वास. त्याला ओट्यावर बघताच तिची चाल मंदावली. जवळ येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर जो उजेड होता तो तिने स्वतःच्या हातानं, वात खाली करावी तसा, कमी केला. ते त्याने पाहिलं.

“कव्हयना बठेल शेतस तुम्ही?”

“हाई आत्तेच.” घटकाभर ऊन खाऊन तो खोटं बोलला. “काय व्हयनं?”

“पोर व्हयनी.” मग जरा थांबून ती म्हणाली, “पायाळू व्हती. पन रडनी. अशी रडनी का बस.” आणि तिचे डोळे भरून आले. ती हसत होती.

त्याने उगीच कुलपाकडे बोट केलं. “चाबी?”

तिने पदर चाचपला, फाटलेली कड हातात आली, आणि तिने कपाळावर हात मारला. “पदरले बांधेल व्हती. तोच फाडीसन पोरले गुंडायं. तठेच ऱ्हाई गयी.” ती वळली, रेल्वेच्या दिशेला पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे. उखाचं घर रुळांच्या पलीकडे, लांब. जाऊन यायचं तर गाडी निघून गेली असती, आणि पेटी घरात होती. मंगला पायरीवर बसली. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “आज काय जोग दिखत नही. तुमले तरी भाकर कोन करी? माले तठलं इंग्रजी बोलनं बी समजाव नही. ऱ्हाऊ द्या.”

त्याचा शब्द तिनेच उचलून आपल्या तोंडात घेतला होता, त्याला म्हणावा लागू नये म्हणून. रूपचंदला आयतं मिळत होतं. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. पण तिचे हात मांडीवर पडले होते, अजून ओलसर, बोटं अजून थोडी थरथरत होती. त्याला डेकवर उभं, गर्जना करत थरथरणारं विमान दिसलं. तुकडा कमी जोरात तुटला तर समुद्रात. आठवडाभर तो जे धरून बसला होता त्याला तो प्रेम समजत होता. ते प्रेमच होतं, खोटं नव्हतं. फक्त त्याची वेळ झाली होती.

“पेटी भरेल शे का?” त्याने विचारलं.

“शे. पन ती मजार शे ना.”

तो उठला. भिकुबाईंच्या ओसरीत पहार होती, ती त्याने न विचारता उचलली. कुलूप खरंच भरीव होतं, मुंबईच्या चोरबाजारात घासाघीस करून घेतलेलं, त्याच्या पसंतीचं. पहिल्या घावाला ते नुसतं वाजलं. भिकुबाई पापड सोडून आल्या. मंगला उभी राहिली आणि म्हणाली, “काय करी ऱ्हायनात तुम्ही?” पण थांबवायला पुढे झाली नाही. दुसऱ्या घावाला दार हादरलं. तिसऱ्याला कडी वाकली आणि कुलूप फरशीवर पडलं. रूपचंदला दम लागला होता. त्याने पहार भिंतीला टेकवली आणि हात झटकले.

मग गडबडच झाली. मंगलानं तोंड धुतलं, लुगडं बदललं, उभ्या उभ्या त्याला शिळी भाकरी आणि चटणी दिली, देवापुढे हात जोडले, आणि दूध भिकुबाईंकडे देऊन टाकलं. पेटी रूपचंदनं बाहेर काढली. दार ओढून घेतल्यावर मंगला उंबऱ्याबाहेर घुटमळली. कुलूप नव्हतं, कडी वाकडी झाली होती. “घर उघडं टाकीसन जावानं का?”

त्याने ओट्याच्या कोपऱ्यातल्या वाळल्या दोरीतून अंबाडीचा एक लहानसा तुकडा तोडला, कडीतून ओवला आणि साधी गाठ मारली.

मंगलानं बोट लावून बघितलं आणि ती हसली. बारा वर्षांच्या ओळखीचं, खोडीचं हसू. “हाई तं एक झटकामा तुटी जाई.”

“तुटाले जोयजे,” रूपचंद म्हणाला. “तू ईसी तव्हय हात लाव, का उघडी.”

तिने पिशवी घेतली, पदर डोक्यावर सारखा केला. त्याने पेटी खांद्यावर घेतली आणि दोघं स्टेशनाकडे निघाली, ती दोन पावलं मागे, आळीतल्या रिवाजाप्रमाणे. वाणगल्ली ओलांडताना पेटी एका बाजूला कलली आणि आत काहीतरी जड घरंगळत जाऊन पत्र्याला ठण्‌ करून थडकलं. रूपचंद थांबला. इतकी वर्षं हाताळलेल्या लोखंडाचा आवाज तो झोपेतही ओळखला असता. दुधावर दगड होता तो म्हणून. तिने त्याला कालच पेटीत घातला होता, त्याने अजून हो म्हटलेलं नसताना.

“काय व्हयनं?” मागून तिने विचारलं.

“काय नही,” तो म्हणाला. “चाल, गाडी येई.” आणि पेटी पुन्हा कलू नये म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी धरली.